कुंडीच्या बुडाशी काय घालावे? मराठवाड्यात नव्याने बाग लावणाऱ्यांसाठी

लातूरला गच्चीवर बाग लावायला घेतली, तेव्हा पहिल्याच वर्षी माझा कढीपत्ता गेला. बारा इंची प्लास्टिकची कुंडी होती. रोप विकत घेताना मिळालेल्या सल्ल्याप्रमाणे तिच्या बुडाशी चार बोटे खडी घातली होती आणि वर शेतातून आणलेली काळी माती व शेणखत भरले होते. उन्हाळाभर रोप टवटवीत राहिले. आषाढात पाने पिवळी पडू लागली, तेव्हा पाणी कमी पडत असेल असे समजून मी आणखी पाणी घातले, आणि श्रावण लागता लागता रोपाने मान टाकली. कुंडी उलटी केली, तर खडी जशी घातली होती तशीच, जवळजवळ स्वच्छ आणि नुसती ओलसर निघाली. मात्र तिच्या लगेच वरचा तीन बोटांचा मातीचा थर चिखलासारखा झाला होता, त्याला आंबूस वास येत होता आणि त्यातील मुळांची साल बोटाने ओढताच सुटून हातात येत होती. पाणी खडीतून वाहून जायला हवे होते, पण ते खडीच्या उंबरठ्यावरच अडून बसले होते.

असे का झाले हे समजून घेण्यात माझे दोन पावसाळे आणि बरीच रोपे गेली. तुमची जाऊ नयेत म्हणून पुढील क्रम लिहीत आहे. निष्कर्ष आधीच सांगून ठेवते: कुंडीतील पाण्याचा निचरा भोकावर आणि मातीच्या मिश्रणावर ठरतो. बुडाशी घालायच्या वस्तूने माती आत अडवावी आणि भोक मोकळे ठेवावे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा करावी. ही गोष्ट पटली की कोणती वस्तू घ्यावी, किती घ्यावी आणि कोणती घेऊच नये, हे प्रश्न बरेच सोपे होतात.

सुरुवात करण्यापूर्वी पुढील वस्तू जवळ घ्या. यातील बहुतेक घरातच सापडतील.

- फुटलेल्या माठाची किंवा मातीच्या कुंडीची खापरे
- शेडनेटचा किंवा मच्छरदाणीच्या नायलॉन जाळीचा तुकडा
- दोन चाळण्या: एक रव्याची जुनी चाळणी आणि एक वाळूची मोठ्या भोकांची
- घमेले, खुरपे, बादली आणि जुने पोते
- काचेची रिकामी बरणी, झाकणासह
- लिंबू किंवा व्हिनेगर
- ड्रिल मशीन, नसल्यास तापवून भोक पाडण्यासाठी जाड सळई
- कुंडी उचलून ठेवण्यासाठी विटांचे तीन सारखे तुकडे

१. आधी भोक पाहा

नवीन कुंडी घरी आणली की ती उलटी करून उजेडाकडे धरा. प्लास्टिकच्या अनेक कुंड्यांना भोकाच्या जागी नुसत्या खुणा असतात आणि भोके आपणच पाडायची असतात, हे नवख्या माणसाला कोणी सांगत नाही. सिमेंटच्या कुंडीत भोक असते, पण ओतकामाच्या वेळी त्यात सिमेंट उतरून ते अर्धे बुजलेले असते. खिळा आणि हातोडी घेऊन हलक्या हाताने ते मोकळे करावे. कुंभाराकडील मातीच्या कुंडीला बहुधा मध्यभागी एकच मोठे भोक असते आणि ते पुरते.

बारा इंची कुंडीसाठी अंगठा जाईल एवढे एक भोक किंवा करंगळीएवढी चार-पाच भोके असावीत. प्लास्टिकच्या कुंडीत मी बुडाच्या भोकांखेरीज बाजूलाही, बुडापासून बोटभर उंचीवर, दोन भोके पाडते. कुंडी फरशीवर चपखल बसली की बुडाची भोके फरशीच बंद करते, अशा वेळी बाजूची भोके कामाला येतात. सळई तापवून भोक पाडणार असाल तर मोकळ्या हवेत पाडा, कारण जळत्या प्लास्टिकचा धूर छातीत बसतो.

२. तुमची माती कोणत्या जातीची आहे ते ओळखा

हा टप्पा बहुतेक जण वगळतात, आणि मराठवाड्यात तर तो वगळून चालतच नाही. आपली काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. तिच्यात चिकणमातीचे प्रमाण मोठे असते आणि ही चिकणमाती पाणी पिऊन फुगणाऱ्या व वाळली की आकसणाऱ्या जातीची असते. चैत्र-वैशाखात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच गुणामुळे. शेतात हा गुण उपकारक आहे, कारण त्या ओलीवर रब्बीची ज्वारी उभी राहते. बारा इंचांच्या भांड्यात मात्र तोच गुण रोपाचा गळा आवळतो.

परीक्षा सोपी आहे. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती घ्या, वर पाणी भरा, कपडे धुण्याच्या पावडरीची चिमूट टाका, झाकण लावून जोरात हलवा आणि बरणी एका जागी ठेवा. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, पोयटा, म्हणजे वाळूहून बारीक गाळ, काही तासांत बसतो आणि चिकणमाती तरंगत राहते. माझ्या शेतातल्या मातीचे पाणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही गढूळच होते. तुमच्या बरणीत असे दिसले, तर ती माती एकटी कुंडीत भरू नका. बुडाशी काहीही घातले तरी उपयोग होणार नाही.

येथे एक फसवणूक होते, ती लक्षात ठेवा. काळी माती उन्हाळ्यात वाळली की कुंडीच्या कडेपासून सुटते आणि माती व कुंडी यांच्यामध्ये फट पडते. वरून पाणी घातले की ते त्या फटीतून सरळ खाली येऊन भोकातून धो-धो वाहते. आपल्याला वाटते की निचरा उत्तम आहे, आणि मातीचा गोळा आतून कोरडाठक राहतो. पाणी घालताच क्षणात खाली आले, तर खुश होण्याआधी कडेला बोट घालून पाहा. फट असेल तर कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात बसवून माती पुन्हा फुगू द्या आणि पुढच्या वेळी मिश्रण बदला.

गावाकडून माती आणताना आणखी एक मोह होतो, तो म्हणजे जुन्या गढीच्या किंवा पडक्या माळवदाच्या पांढऱ्या मातीचा. ती मऊ, भुसभुशीत दिसते, पण इतकी बारीक असते की दोन-चार पाण्यांतच गच्च बसते. ती कुंडीसाठी घेऊ नये.

३. थर का चालत नाही, ते एकदा स्वतः पाहा

माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा भांडी घासायचा नवा, चौकोनी स्पंज घ्या. तो पाण्यात पूर्ण बुडवून तळहातावर आडवा धरा. थोडे पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज न दाबता उभा करा. खालच्या कडेतून पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच आणि भोकेही तीच, बदलली ती फक्त उंची. बारीक छिद्रांच्या कोणत्याही पदार्थात, मग तो स्पंज असो की माती, पाणी गळायचे थांबल्यावरही सर्वांत खाली एक चिंब पट्टा उरतोच, आणि त्याची जाडी मातीच्या कणांवर ठरते. कुंडी किती उंच आहे यावर नाही. उथळ कुंडीत म्हणूनच बहुतेक सगळी माती त्या चिंब पट्ट्यात सापडते आणि उंच कुंडीत मुळांना वर श्वास घ्यायला जागा उरते.

आता बुडाशी खडी घातली तर काय होईल? मातीतील बारीक पोकळ्या पाण्याला धरून ठेवतात. खडीतील पोकळ्या मोठ्या असल्याने त्यांची पाण्यावर तशी ओढ नसते, म्हणून वरची माती पुरती चिंब होईपर्यंत पाणी खडीत उतरतच नाही. चिंब पट्टा कुंडीच्या बुडाशी असायचा, तो चार बोटे वर सरकून खडीच्या डोक्यावर बसतो. मुळांसाठी उपलब्ध माती तेवढीच कमी होते आणि पाण्याचा पट्टा मुळांच्या अधिक जवळ येतो. माझ्या कढीपत्त्याचे नेमके हेच झाले होते.

पाण्याच्या दोन रिकाम्या पारदर्शक बाटल्या घेऊन मी हे पुन्हा पाहिले. दोन्हींचे तळ कापले, तोंडाला जाळी बांधून त्या उलट्या टांगल्या आणि एकीत नुसती माती, तर दुसरीत खाली खडी आणि वर तीच माती भरली. दोन्हींत पाणी ओतून रात्रभर ठेवले. सकाळी पहिल्या बाटलीत गडद ओला पट्टा तोंडाजवळ होता, दुसरीत तो खडीच्या वर होता आणि खडी काचेसारखी चमकत रिकामी उभी होती. घरात मुले असतील तर त्यांच्यासोबत हा प्रयोग अवश्य करावा. मला तो साठीत करावा लागला.

मग आपल्या आजीने कुंडीत खापर घातले ते चुकीचे होते का? मुळीच नाही. आजी भोकावर एक खापर पालथे ठेवत असे आणि त्यामुळे माती वाहून जात नसे. पुढे एका खापराची मूठभर खडी झाली आणि मुठीचे घमेले झाले, तिथे गडबड झाली.

४. भोकावर ठेवण्याची वस्तू निवडा

खापर. माझी पहिली पसंती अजूनही याला आहे. दर उन्हाळ्यात एखादा माठ तडकतोच. त्याची खापरे टाकून न देता पोत्यात भरून ठेवावीत. माठाचे खापर बाकदार असते, म्हणून फुगीर बाजू वर ठेवली की खाली आपोआप कमान तयार होते आणि कडेच्या फटींतून पाणी निघते. सपाट तुकडा ठेवला तर तो भोकाला झाकणासारखा बसतो, ही नवख्यांची अगदी नेहमीची चूक आहे. तुकडा भोकाच्या दुप्पट-तिप्पट रुंद असला म्हणजे पुरे. चकाकी दिलेल्या बरणीचे किंवा टाइलचे तुकडेही चालतात, फक्त त्यांच्या धारांनी पुढे माती उकरताना हात कापतो.

जाळी. अनेक लहान भोके असलेल्या प्लास्टिकच्या कुंडीत प्रत्येक भोकावर खापर बसवणे शक्य नसते. तेथे शेडनेटचा तळाच्या आकाराचा एक तुकडा उत्तम. तो कुजत नाही, मुळे त्यातून जाऊ शकतात आणि गांडुळे व गोगलगायींची ये-जा कमी होते. सुती कापड दोन महिन्यांत कुजून भोकात अडकते. खताच्या पोत्याचे विणलेले प्लास्टिक बारीक मातीने तुंबते. वर्तमानपत्राचा कागद पहिले काही दिवस माती अडवतो आणि मग विरून जातो, तोवर माती बसलेली असते. घाईच्या वेळी मी तोही वापरला आहे.

विटांचे तुकडे. भाजलेली लाल वीट पाणी पिते. चांगली वीट चोवीस तास बुडवून ठेवली तर तिने स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा अधिक पाणी पिऊ नये असा बांधकामातील दंडक आहे, म्हणजे थोडेफार पाणी ती धरतेच. आपल्याकडे वैशाखात पारा ४२ अंशांच्या वर जातो, तेव्हा ही गोष्ट उपयोगी ठरते. परंतु हे तुकडे थर म्हणून बुडाशी घालण्यापेक्षा हरभऱ्याएवढे फोडून मातीतच मिसळावेत. त्यांचा खरा फायदा तेथे मिळतो. पाडलेल्या घराच्या विटा आणणार असाल तर त्यांना चिकटलेला चुना आणि सिमेंट छिन्नीने काढून टाका, कारण दोन्हींमुळे माती अधिक विम्ल, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची, होते आणि आपली माती मुळातच त्या बाजूला झुकलेली आहे. परळीच्या औष्णिक वीज केंद्राच्या राखेपासून केलेल्या करड्या विटा आता सगळीकडे मिळतात. त्यांच्यातही सिमेंट किंवा चुना असतो, त्यामुळे त्यांचे तुकडे कुंडीत न घालता कुंडीखाली टेकू म्हणून वापरावेत.

खडी. क्रशरची काळी खडी निरुपद्रवी आहे, पण ती जड आहे. दहा लिटरची बादलीभर खडी पंधरा किलोच्या आसपास भरते, आणि ती गच्चीवर चढवून आपण काय मिळवतो, हे वर सांगितलेच आहे. नदीकाठच्या किंवा शेतातल्या पांढुरक्या गोट्यांबाबत मात्र सावध राहा. त्यांवर लिंबाचे किंवा व्हिनेगरचे दोन थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर ती चुनखडी आहे. मोगरा, जास्वंद, गुलाब यांची पाने अशा कुंडीत शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात आणि आपण उगीच औषधे फवारत बसतो. शोभेच्या संगमरवरी चुरीचाही हाच दोष आहे.

नारळाच्या शेंड्या. भिजवून, दोन-तीनदा पाणी बदलून वापरल्यास चालतात. त्या ओल धरतात आणि वर्ष-दोन वर्षांत कुजतात. कुंडी थेट जमिनीवर ठेवणार असाल तर त्या टाळा, कारण त्यांच्या वासावर उधई येते आणि शेंड्या संपल्या की मुळांकडे वळते.

कुलरचे गवत. याविषयी मुद्दाम लिहिते, कारण मृग लागला की घरोघरी कुलरचे जुने गवत निघते आणि ते कुंडीच्या तळाशी घालावे असे कोणाला ना कोणाला सुचतेच. ते गवत हातात घेऊन नीट पाहा. काडीकाडीवर पांढरी, खरखरीत पुटे चढलेली दिसतील. उन्हाळाभर बोअरचे जड पाणी त्यावरून वाहिले आणि उडून गेले, त्यातले क्षार मागे राहिले. ते सगळे क्षार तुम्ही मुळांच्या खाली अंथरणार असता.

लाकडी कोळसा हलका आणि सच्छिद्र आहे; ऑर्किडसारख्या झाडांना तो चांगला, इतरांना त्याची गरज नाही. चुलीची राख मात्र बुडाशी कधीही घालू नये, ती ओली होऊन थापीसारखी बसते. थर्माकोलचा उपयोग फक्त मोठ्या भांड्यांत जागा भरण्यापुरता आहे, तो पुढे येईल.

५. खरे काम मिश्रणात आहे

बुडाशी एक खापर ठेवून वर नुसती काळी माती भरली तर काहीच साधले नाही. माझे नेहमीचे प्रमाण घमेल्याने मोजलेले आहे: एक भाग काळी माती, एक भाग चाळलेला मुरूम, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग भिजवून निथळलेले कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. कोरफड, निवडुंग यांच्यासाठी मुरूम दुप्पट करावा आणि कोकोपीट वगळावे.

मुरूम आपल्याकडे कोठेही मिळतो, पण तो चाळताना बहुतेक जण उलटे करतात. रव्याच्या चाळणीतून जी पूड खाली पडते ती टाकून द्यायची आणि वर राहते ते ठेवायचे. त्यानंतर वाळूच्या चाळणीने हरभऱ्यापेक्षा मोठे खडे वेगळे काढायचे. बाजरीच्या दाण्यापासून हरभऱ्यापर्यंतचा जो भाग उरतो, तोच कुंडीच्या कामाचा. पूड तशीच राहिली तर ती मातीच्या फटी बुजवते आणि मुरूम घालूनही माती दगड होते. वाळूच्या बाबतीतही हेच आहे: काळ्या मातीत चार मुठी बारीक वाळू मिसळल्याने ती भुसभुशीत होत नाही, वाळल्यावर भाजलेल्या विटेसारखी कडक मात्र होते. क्रश सँड घेतली तर ती बादलीत घालून वरचे गढूळ पाणी तीन-चार वेळा ओतून द्यावे.

शेणखत काळे, भुगा झालेले आणि शेणाचा वास गेलेले असावे. अर्धवट कुजलेले खत कुंडीत तापते आणि त्यातून हुमणीच्या अळ्या येतात. माझ्या एका कुंडीतून एका वेळी सात निघाल्या होत्या. कोकोपीटच्या विटेतही क्षार असू शकतात, म्हणून ती भिजवल्यावर एकदा पिळून पाणी टाकून द्यावे.

सोयाबीनचा भुसा फुकट मिळतो म्हणून तो ताजाच मातीत मिसळू नका. तो कुजताना मातीतला नत्र ओढून घेतो आणि रोप पिवळे पडते. आधी वर्षभर कंपोस्टच्या खड्ड्यात घालावा.

६. कुंडी भरण्याचा क्रम

कुंडी धुऊन घ्या. भोकावर खापर पालथे ठेवा किंवा जाळी अंथरा. त्यावर कोणताही वेगळा थर न घालता थेट मिश्रण भरा. मिश्रण किंचित ओलसर असावे, मुठीत दाबले तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचले तर फुटावा. अर्धी कुंडी भरली की ती दोनदा जमिनीवर हलकेच आपटा. हाताने चेपू नका. रोप बसवून कडेपासून दोन बोटे जागा मोकळी ठेवा, म्हणजे पाणी घातल्यावर ते क्षणभर उभे राहून सर्वत्र सारखे मुरेल.

शेवटी कुंडी विटांच्या तीन तुकड्यांवर ठेवा. चार तुकड्यांवर ती डुगडुगते, तिनांवर बसते. खाली बोटभर हवा खेळली पाहिजे.

७. पाणी घालून तपासा

लिटरभर पाणी झारीने सावकाश घाला. एक-दोन मिनिटांत वरचे पाणी मुरावे आणि त्यानंतर खालून पाणी ठिबकू लागावे. वर तळे साचून पाच मिनिटांनीही तसेच राहिले तर मिश्रण बारीक झाले आहे. पाणी मुरले पण खालून काहीच आले नाही, तर आणखी अर्धा लिटर घालून पाहा, आणि तरीही न आल्यास भोकातून तार घालून खापर हलवा. पहिल्या पाण्याला थोडी माती वाहते, त्याने घाबरू नये. चौथ्या-पाचव्या पाण्यालाही गढूळच येत असेल तर खापर सरकले आहे.

ठिबकणे थांबल्यावर कुंडी एकदा दोन्ही हातांनी उचलून तिचे वजन मनात नोंदवून ठेवा. पुढे पाणी द्यायचे की नाही हे ठरवताना याहून चांगले माप मला सापडलेले नाही.

८. मोठे ड्रम आणि गच्चीचे वजन

बारा इंची कुंडीत थर घालण्याचे कारण नाही, परंतु २०० लिटरचा ड्रम आडवा कापून त्याचे दोन भाग केले तर प्रत्येकात सुमारे शंभर लिटर माती मावते आणि ती ओली झाली की दीडशे किलोच्या आसपास जाते. ज्या गच्चीवर माणसांचा वावर असतो, तिच्यावर साधारणतः प्रत्येक चौरस मीटरला १५० किलो एवढा अतिरिक्त भार धरून आराखडा केलेला असतो. अर्ध्या ड्रमचे बूड पाव चौरस मीटरपेक्षा थोडेसेच मोठे असते, तेव्हा असे चार ड्रम शेजारी शेजारी मांडण्याआधी विचार करावा. ते भिंतीवर किंवा तुळईवर येतील असे, एकमेकांपासून दूर ठेवावेत आणि घर जुने असेल तर अभियंत्याला दाखवावे. माळवदावर तर कुंड्या ठेवूच नयेत.

वजन कमी करण्यासाठी खालची जागा भरायची असेल, तर हेतू निचऱ्याचा नसून वजनाचा आहे हे ध्यानात ठेवून वस्तू निवडा. बूच घट्ट लावलेल्या रिकाम्या बाटल्या, पालथ्या घातलेल्या लहान कुंड्या, थर्माकोलचे मोठे तुकडे हे सगळे चालते, आणि त्यावर शेडनेट अंथरून मिश्रण भरता येते. बूच सैल राहिले तर बाटलीत पाणी शिरते आणि डास होतात. थर्माकोल पोत्यात बांधून घाला, नाहीतर कुंडी बदलताना त्याचे पांढरे मणी गच्चीभर होतात आणि पुढच्या दिवाळीपर्यंत सापडत राहतात.

तुराट्या आणि पऱ्हाट्या यांचे तुकडेही भरता येतात. त्या कुजून पहिल्या वर्षातच माती वीतभर खाली बसते, म्हणून मेथी, वांगी, टोमॅटो अशा हंगामी पिकांपुरत्याच त्या वापराव्यात. लिंबू, डाळिंब, कढीपत्ता यांच्या ड्रममध्ये काहीही न भरता पूर्ण खोलीपर्यंत माती द्यावी.

९. भोक नसलेले भांडे

पितळी घंगाळ किंवा चिनी मातीची सुंदर कुंडी भेट मिळते आणि तिला भोक पाडवत नाही. अशा भांड्यात खडी, कोळसा, विटा यांपैकी कशाचाही थर घातला तरी पाणी कोठेच जात नाही. ते थरात साठते, आपल्याला दिसत नाही आणि खालची मुळे त्यात बुडतात. भोक असलेल्या साध्या कुंडीत रोप लावून ती कुंडी या भांड्यात ठेवणे हाच मार्ग आहे. येथे मात्र खडीला खरे काम आहे: आतील कुंडी दोन बोटे उंच राहावी म्हणून तिच्याखाली खडी घालावी आणि साठलेले पाणी आठवड्यातून एकदा ओतून द्यावे.

१०. ऋतूप्रमाणे देखरेख

मराठवाड्यात वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो, आणि तोही बऱ्याचदा महिनाभर ओढ देऊन दोन दिवसांत कोसळतो. मृगाच्या आधी प्रत्येक कुंडीच्या भोकातून जाड तार फिरवा आणि खालच्या बशा काढून ठेवा. उन्हाळ्यात बशा पुन्हा लावायला हरकत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. तेव्हापासून बशीत निथळलेले पाणी फेकायला माझा हात धजत नाही. पण ते त्याच कुंडीत पुन्हा पुन्हा घातले तर क्षार साठत जातात, म्हणून मी ते कडुनिंबाच्या आळ्यात ओतते. पाण्याच्या शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारे पाणीही क्षारांनी भरलेले असते. ते रोजच्या रोज कुंडीला घालू नका. मातीवर किंवा कुंडीच्या बाहेरच्या अंगावर पांढरी साय दिसू लागली, तर पावसाच्या पाण्यात कुंडी दोन-तीनदा भरभरून वाहू द्यावी. भोक मोकळे असेल तरच क्षार धुऊन निघतात.

भोकातून पांढरी मुळे बाहेर डोकावू लागली, किंवा पाणी मुरायला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागू लागला, की कुंडी बदलायची वेळ झाली असे समजावे. त्यासाठी कडक ऊन आणि मुसळधार पाऊस असे दोन्ही टाळावे. जूनचा शेवट किंवा दसऱ्यानंतरचे दिवस बरे. जुनी माती उन्हात पसरून, गोळे फोडून, अर्धी नवीन मिसळून पुन्हा वापरता येते. खापर काथ्याने घासून, वाळवून परत पोत्यात टाकावे. माझ्या पोत्यात अजून पहिल्या वर्षी तडकलेल्या माठाची पाच खापरे आहेत, आणि त्यांपैकी सर्वांत बाकदार खापर सध्याच्या कढीपत्त्याखाली आहे.